बंद आहे, बंद नाही

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, आणि लिहिणं म्हणजे आमच्याकडे सही करणं, तेवढंच. ज्या विषयावर लिहितोय त्यातलंही मला थोडंच कळतं. माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त कळणारी माणसं महापेच्या एकेका इमारतीत मजल्यामजल्यावर बसलेली आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर हसेल, आणि त्याचं हसणं बरोबरच असेल. तरीही लिहितो, कारण त्या पावसाळ्यात मला कशावरही चटकन विश्वास न ठेवण्याची सवय लागली. ती चांगली लागली की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कॉलेजचं शेवटचं सत्र होतं. त्या सत्रात एखाद्या कंपनीत जाऊन काम शिकायचं असतं. मला महापेला एक छोटी कंपनी मिळाली. जुन्या इमारतीचा चौथा मजला, लिफ्ट बहुतेक वेळा बंद, आणि खाली रबराच्या कारखान्याचा वास. कंपनीचे मालक, ज्यांना सगळे सर म्हणायचे, त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "सत्र संपेपर्यंत बघू. काम जमलं तर ठेवू."

मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे घरात मोठा काका. तो उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात आहे. त्याने विचारलं, "जमलं म्हंजे काय? किती जमलं म्हंजे जमलं?"

मी सरांचं वाक्यच पुन्हा म्हणून दाखवलं.

"पक्कं हाय का?"

"पक्कं नाही अजून."

काका हसला. त्याला पोर्टातल्या एका ठेकेदाराने वर्षानुवर्षं 'पक्कं करतो' म्हणून झुलवलं होतं, त्यामुळे कंपनी या शब्दावर त्याचा राग होता. त्याने आपल्या यार्डात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. गेटवर चेकरची जागा होती, कंटेनरचे नंबर तपासायचे. यार्डवाले माझं सत्र संपेपर्यंत थांबायला तयार होते, पुढे नाही. आणि यार्डात लागलो तर शेवटची परीक्षा बुडणार हे उघड होतं, कारण नव्या माणसाला तिथे सुट्टी नसते. म्हणजे कंपनीने ठेवलं तर परीक्षा आणि नोकरी दोन्ही. नाही ठेवलं तर यार्डाचं गेट, आणि पदवी कधीतरी. हे मी रोज घेऊनच बसमध्ये चढायचो.

कंपनीचं काम मेसेज पाठवायचं. शाळांचे, सोसायट्यांचे, आणि आमच्या बाजूने मुंबईला बोटी सोडणाऱ्यांचे. बोट आज सुटणार की नाही हे प्रवाशांना मोबाइलवर मराठीत कळवायचं. मला त्याच कामावर घातलं, कारण मला मराठी टाइप करता येत होतं आणि बोट मी लहानपणापासून बघितलेली. माझं काम टेस्ट लिहायचं.

टेस्ट म्हणजे काय ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. प्रोग्रामचा एक लहान तुकडा घ्यायचा. त्याला आपणच बनवलेली परिस्थिती द्यायची, समजा वारा जोराचा आहे. मग तो काय उत्तर देतो ते घ्यायचं आणि ठामपणे लिहायचं, की उत्तर अमुकच असलं पाहिजे. या ठाम बोलण्याला असर्शन म्हणतात. आणि उत्तर कशा पद्धतीने ताडून बघायचं, हुबेहूब तेच हवं, की त्यात एखादा शब्द असला तरी चालेल, की काहीतरी आलं म्हणजे पुरे, हे ठरवणारा असतो तो मॅचर. जुळलं की पडद्यावर हिरवी खूण, नाही जुळलं की लाल.

हिरवी खूण मला फार आवडायची. दिवसातून पुन्हा पुन्हा टेस्ट चालवून बघायचो.

मला शिकवायला एक सीनियर मुलगी होती, साताऱ्याकडची. पहिल्या दिवशी मी तिला मॅडम म्हटलं.

"मॅडम काय? मी शाळेत शिकवते का? नावाने हाक मार. इथे सगळे नावानेच बोलतात."

ते मला जमेना. वयाने मोठ्या बाईला नावाने हाक आमच्याकडे भांडतानासुद्धा मारत नाहीत. मग मी हाकच मारायची नाही असं ठरवलं. काही विचारायचं असलं की तिच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहायचो, ती वर बघेपर्यंत.

"अरे भुतासारखा उभा नको राहू," ती एकदा दचकून म्हणाली. "निदान खोक तरी."

तेव्हापासून मी खोकायचो. इथे लिहिताना तिला ताई म्हणतो.

माझी पहिली टेस्ट लिहून झाली आणि लगेच हिरवी झाली. मी खोकलो. ताईने खुर्ची वळवून बघितलं.

"हिरवी झाली?"

"झाली."

"लाल झालेली बघितलीस का कधी?"

"लाल कशाला होईल? बरोबर लिहिलीय मी."

"फारच सरळ आहेस बाबा," ती म्हणाली. माझा माउस घेतला, ज्या तुकड्याची टेस्ट होती त्याच्या आतला सगळा मजकूर पुसून टाकला, आणि टेस्ट पुन्हा चालवली. हिरवी.

प्रोग्रामच्या त्या तुकड्यात आता काहीसुद्धा नव्हतं, आणि माझी टेस्ट सांगत होती की सगळं ठीक आहे.

"हे बघ. 'एक्स्पेक्ट' लिहिलंस आणि कंसात उत्तर टाकलंस. पुढे? मॅचर कुठाय? तू नुसती अपेक्षा ठेवलीस. कशाची ठेवलीस ते बोललाच नाहीस. मग ते बिचारं नाही कशाला म्हणेल?" तिने माउस माझ्याकडे सरकवला. "हिरव्यावर विश्वास नाही ठेवायचा. आधी तोडायचं, लाल झालं का बघायचं, मग जोडायचं. जी टेस्ट कधी लाल झालीच नाही ती टेस्ट नाही, ते तोरण आहे."

मला सरांचं वाक्य आठवलं. काम जमलं तर ठेवू. त्यातही मॅचर नव्हता.

तिथून माझा संशय सुरू झाला. ऑफिसात मी प्रत्येक टेस्ट आधी तोडायला लागलो. मग बाहेरही तेच. बसचा कंडक्टर 'महापे जाणार' म्हणाला तरी मी ड्रायव्हरला विचारायचो. कॉलेजात कुणी 'तुझा प्रोजेक्ट छान झाला' म्हटलं तर मनात यायचं, याने कुठला प्रोजेक्ट वाईट म्हटलाय का आजवर? आई जेवताना म्हणायची, "आमची काय पन अपेक्षा नाय रं, तू फक्त चांगला हो." आणि मी घास चावताना विचार करायचो, चांगला म्हणजे नक्की काय, आणि मी काय केलं की हिची ही अपेक्षा लाल होईल.

आता बोटीचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडकलं.

आई सुकी मासळी विकते. माल आणायला मुंबईला जाते आणि त्यासाठी दुसऱ्या फेरीची बोट धरते. पावसाळ्यात बोटीचा भरवसा नसतो. वारा सुटला की बंद. ओहोटीला पाणी फार उतरलं की बोट धक्क्याला लागत नाही, तेव्हाही बंद. आमच्याकडे कुणीही 'बोट चालू आहे का' असं विचारत नाही. सगळे एकच विचारतात, "बोट बंद हाय का?" त्यामुळे बोटवाल्यांनी कंपनीला मेसेज दिले तेही तसेच. सुटणार नसेल तर 'दुसऱ्या फेरीची बोट बंद आहे.' सुटणार असेल तर 'दुसऱ्या फेरीची बोट बंद नाही.' ऑफिसात याची चेष्टा व्हायची. चालू आहे म्हणायला काय जातं यांचं, असं सर म्हणायचे. पण मला ते वाचताना घरच्यासारखं वाटायचं.

मीच आईचा नंबर त्यात घातला होता. गल्लीतल्या बाकीच्या बायकांनाही घालायला लावला. पोराच्या कंपनीचा मेसेज म्हणून आई तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायची, अक्षर अक्षर जोडत.

एके दिवशी संध्याकाळी घरी आलो तर ती रागात होती.

"तुज्या मेसेजमदी लिवलंय बंद नाय, नि धक्क्यावर तं एक बोट नाय! वारा ह्यो असा. टोपली डोक्यावर घिऊन परत आली मी."

"आई, 'आहे' असेल. तू 'नाही' वाचलंस."

"मी काय आंधली हाय?"

"दाखव मेसेज."

मेसेज तिने रागाने पुसून टाकला होता. मी तिला पुन्हा सांगितलं, नीट वाचत जा. तिने माझ्याकडे बघितलं आणि सुकटीची पाटी आत घेतली. शेजारची बाई दारातून म्हणाली, "कॉलेजवाल्याचा मेसेज कधी चुकतो व्हय? आपलेच डोले चुकतात बाय."

माझा संशय सगळ्यांवर चालायचा, पण तो आईच्या वाचण्यावर आधी गेला आणि मशीनवर नंतर.

दोन-चार दिवसांनी ताई रजेवर गेली. गावी काहीतरी काम आहे म्हणाली. जाताना मला सांगून गेली की जुन्या टेस्ट वाचून काढ. त्या तिनेच लिहिलेल्या होत्या, मी येण्याच्या पुष्कळ आधी. मी वाचत होतो आणि बोटीच्या टेस्टपाशी आलो. वारा जोराचा असेल तर मेसेज काय हवा? तिथे मॅचर होता 'समाविष्ट' पद्धतीचा. म्हणजे पूर्ण वाक्य ताडायचं नाही, वाक्यात अमुक शब्द आहे का एवढंच बघायचं. शब्द होता 'बंद'.

मी ते वाचलं आणि पुढे गेलो. मग परत मागे आलो.

'बोट बंद आहे' यात 'बंद' आहे. 'बोट बंद नाही' यातही 'बंद' आहे.

मी आजूबाजूला बघितलं, कुणी माझ्याकडे बघतंय का म्हणून. मग ताईनेच शिकवल्याप्रमाणे माझ्या मशीनवर प्रोग्राम तोडला. वादळ असो की ओहोटी, काहीही असो, त्याने 'बंद नाही' असंच सांगायचं असं करून टाकलं. टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या.

आता इथे माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात काय काय येतं ते सांगायला लाज वाटते. मला तोरण कशाला म्हणतात हे जिने शिकवलं, तिला हे दिसलं नसेल? शक्यच नाही. म्हणजे तिने मुद्दाम ठेवलंय. मला जुन्या टेस्ट वाचायला सांगून गेली, ती बघायलाच की हा पकडतो का. हीच ती परीक्षा, 'काम जमलं तर' मधली. मग वाटलं, नाही, उलटं असेल. सीनियरच्या कामात खोड काढणारा मुलगा कसा वागतो हे बघायचं असेल. बोललो तर आगाऊ, नाही बोललो तर बिनकामाचा. दोन्हीकडून लालच.

शेवटी मी तोडलेला प्रोग्राम पुन्हा जोडला आणि काही न बोलता त्या टेस्ट कडक करायला घेतल्या. 'समाविष्ट' काढून पूर्ण वाक्य हुबेहूब हवं असा मॅचर लावला. वाक्य स्वतः टाइप केलं. चालवलं, आणि सगळ्या लाल झाल्या. एकूण एक.

तेवढ्यात सर मागून जात होते. "एवढं लाल काय आहे?"

मला वाटलं बोलायची हीच वेळ. "सर, बोटीचे सगळे मेसेज चुकतायत."

सर वाकून बघायला लागले. पडद्यावर दोन ओळी होत्या. अपेक्षित: दुसऱ्या फेरीची बोट बंद आहे. मिळालं: दुसऱ्या फेरीची बोट बंद आहे.

"दोन्ही सेमच आहे की रे," सर म्हणाले.

मी बघितलं. सेमच होतं. मी पडद्याच्या जवळ गेलो, लांब आलो. काना, मात्रा, वेलांटी, पूर्णविराम, सगळं तेच.

"काय झालं, चष्मा लागला का?" पलीकडच्या टेबलावरचा म्हणाला, आणि तिघंचौघं उठून बघायला आले. "आहे आणि आहे जुळत नाही? मशीनला मराठी येत नाही वाटतं."

"मशीनला येतं, याला येत नाही," कुणीतरी म्हणालं. हसले सगळे. सरही थोडे हसले, आणि घड्याळाकडे बघत केबिनमध्ये गेले. माझे कान तापले होते. त्या दिवशी मी डबा एकट्यानेच खाल्ला.

ताई परत आली तेव्हा तिला कुणीतरी ती गंमत सांगितलीच. तिने माझ्या मशीनवर ती दोन वाक्यं घेतली आणि एकेक अक्षर सुटं करून बघत गेली. 'दुसऱ्या' या शब्दापाशी थांबली.

"हा बघ. हा तुझा ऱ्या, आणि हा बोटवाल्यांचा ऱ्या. दिसतात जुळे, आतून वेगळे. तू दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केलंस. मशीन अक्षराचा चेहरा बघत नाही, आतला नंबर बघतं." मग हसली. "मराठीत हा एक आगाऊ र आहे, सगळ्यांना एकदा तरी पाडतो. मलाही पाडलंय."

मी बोटवाल्यांचा ऱ्या उचलून माझ्या वाक्यांत टाकला. ती तिच्या जागेवर गेली. टेस्ट चालवल्या. एकामागोमाग एक हिरव्या होत गेल्या. एक सोडून.

एक लालच राहिली. वाराही जोराचा आहे आणि ओहोटीही आहे, अशी दोन्ही कारणं एकदम आली तर काय, त्याची ती टेस्ट होती. अपेक्षित: बंद आहे. मिळालं: बंद नाही.

आता मी कुणाला सांगणार? एकदा हसं झालं होतं. माझाच माझ्यावर विश्वास बसेना. हा आणखी एखादा दिसायला सारखा, आतून वेगळा प्रकार असेल. वाक्य पुसून परत टाकलं, लाल. मशीन बंद करून चालू केलं, लाल. मग प्रोग्राम उघडून ओळ ओळ वाचला. आमच्या इमारतीच्या जिन्यात एक दिवा आहे, त्याला खाली एक आणि वर एक अशी दोन बटणं आहेत. खालचं दाबलं की लागतो, वरचं दाबलं की विझतो. प्रोग्रामात तसंच झालं होतं. वाऱ्याने बोट बंद केली, मग ओहोटीने तेच बटण उलटं दाबलं, आणि बोट चालू झाली. एक कारण असलं की बंद. दोन असली की बंद नाही.

आईचा तो दिवस मला आठवला. त्या दिवशी वारा होता हे तिने सांगितलं होतं. ओहोटी कधी होती ते मी काकाला फोन करून विचारलं. त्याने सांगितलेली वेळ नेमकी दुसऱ्या फेरीचीच निघाली. वर त्याने विचारलं, "का रं? बोटीवर नोकरी बगतोस का?"

दुपारी ताई चहाला खाली टपरीवर गेली, तिच्या मागोमाग मी गेलो. खोकलो.

"बोल."

"एक टेस्ट अजून लाल आहे."

"परत ऱ्या?"

"नाही. यात 'आहे'च्या जागी 'नाही' आहे."

ती हसायला लागली, आणि मग माझं तोंड बघून थांबली. चहा अर्धा टाकून आम्ही वर आलो, लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने. तिने बघितलं. मग जुनी टेस्ट उघडून शेजारी लावली.

"जुनी टेस्ट माझी होती," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"नुसतं 'बंद' बघत होती. म्हणून इतके दिवस हिरवी. तुला कधी दिसलं हे?"

"तुम्ही रजेवर होता तेव्हा."

"मग आल्या आल्या का नाही बोललास?"

मला खोटं सुचलं नाही. "मला वाटलं तुम्ही मुद्दाम ठेवलंय. मला बघायला."

"अरे देवा," ती म्हणाली. "एवढा रिकामा वेळ कुणाकडे आहे रे? चुकले मी. आमच्याकडे कुणी 'बंद नाही' असं बोलतच नाही, चालू आहे म्हणतात. 'बंद' दिसलं की संपलं असं धरलं मी." मग हळूच विचारलं, "असा मेसेज खरंच गेलाय का कुणाला?"

"माझ्या आईला गेला असावा."

ती उठली आणि सरळ सरांच्या केबिनमध्ये गेली. दार लावून घेतलं.

केबिनला काच आहे. आतलं दिसतं, ऐकू येत नाही. ताई उभी होती, सर बसलेले. सरांनी एकदा डोकं धरलं. मग दोघांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. मी लगेच पडद्याकडे बघितलं. परत वर बघितलं तेव्हा ताई हाताने काहीतरी समजावत होती आणि सर मान हलवत होते, नाही नाही अशी.

तो प्रोग्राम त्याच दिवशी दुरुस्त झाला. ताईने केला, मला शेजारी बसवून. हिरवी आल्यावर म्हणाली, "तोडून बघ." मी तोडली, लाल झाली. जोडली, हिरवी झाली. पण त्यानंतर मला नवीन काम मिळालं नाही. पुढचे दिवस मी नुसता बसून होतो. सर फोनवर असायचे, बोटवाल्यांशी बोलताना आवाज खाली. ताई रोज केबिनमध्ये जायची, आणि मी पाणी प्यायला उठलो की आतलं बोलणं थांबलंय असं वाटायचं. कधी खरंच थांबायचं, कधी मलाच वाटायचं असेल. एकदा केबिनचं दार उघडं राहिलं आणि सरांचं एक वाक्य कानावर पडलं, "त्याचं नंतर बघू, आधी तुझं." हे मी घरी जाईपर्यंत उलटसुलट करत बसलो. आधी तिला ओरडणार, मग मला काढणार, असाच अर्थ निघत होता.

घरी काका म्हणाला, "तू चूक दाखवलीस नि ती बी शिकवनाऱ्या बाईची. आता ते तुला ठेवतील? यड्या, घरातला पाहुना भिंतीची चीर दाखवतो का?"

"चूक होती ना पण."

"होती. मी कुठं नाय म्हनतो? पन तू कोन?"

आई मध्ये पडली. "त्याला नको बोलू. मना बोलला व्हता तू नीट वाच. आता त्याला कललं." ती माझ्याच बाजूने बोलत होती की काय, ते मला नीट समजलं नाही.

सत्राचा शेवटचा दिवस आला. मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन विचारलं. ते मोबाइलमध्ये बघत म्हणाले, "हो हो, कळवतो."

"कधी सर?"

"कळवतो रे."

कधीही लाल न होणारं वाक्य होतं ते. ताई जागेवर नव्हती. मी माझा डबा आणि चार्जर पिशवीत टाकला आणि निघालो.

यार्डवाल्यांनी शनिवारी हो किंवा नाही सांगा म्हटलं होतं. शनिवारी सकाळी काका मला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे होते, चिखल उडत होता. यार्डाच्या गेटवर आम्ही सुपरवायझरची वाट बघत उभे राहिलो. काका मला सांगत होता की आत गेल्यावर हेल्मेट काढायचं नाही, आणि कॉम्प्युटरची भाषा फार बोलायची नाही. फोन वाजला. ताईचा होता. ती मला आधी कधी फोन करत नसे, म्हणून मी दोन रिंग नुसता बघत राहिलो.

"कुठे आहेस?"

"यार्डाच्या गेटवर."

"हो बोललास का त्यांना?"

"अजून नाही."

"मग बोलू नको. तुला ठेवलंय. सोमवारी ये."

"कोण म्हणालं?" मी विचारलं.

"सर म्हणाले."

"बघू म्हणाले की ठेवलं म्हणाले?"

फोनवर ती हसली. "ठेवलं म्हणाले. मेल पाठवलीय तुला, उघडून बघ. परीक्षेची सुट्टीपण लिहून घेतलीय मी त्यात. वाक्यन् वाक्य वाच, ऱ्यासुद्धा."

मागे एक ट्रेलर हॉर्न वाजवत होता. मी कानावर हात धरला. "ती टेस्ट लाल दाखवली म्हणून ठेवलं का?"

"छे रे. तिच्यामुळे उलट उशीर झाला. बोटवाल्यांची माफी मागण्यात सरांचा आठवडा गेला, म्हणून तुझं राहिलं." मग तिने आवाज खाली आणला. "तुझं नाव मी आधीच दिलं होतं. राजीनामा देताना. ती रजा गावची नव्हती, पुण्याला मुलाखत होती. मी म्हटलं सरांना, माझ्या जागी बाहेरून कुणी आणू नका, याला तयार करा. त्या दिवशी केबिनमध्ये सर नाही नाही म्हणत होते ना, ते मला. मी जाऊ नये म्हणून."

काका नुसते ओठ हलवून विचारत होता, काय, काय.

"ऐकतोयस ना?" ताई म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत आहे मी. तेवढ्यात बोटीचं सगळं काम तुझ्याकडे द्यायचंय."